शिस्तप्रिय जंतू

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९
मायक्रोस्कोप आला. बंद पडलेल्या एका शाळेच्या सामानातून मिळाला, सोबत माहितीपुस्तिका. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होतो. तराजूतला केसभर फरक मला दुकानाच्या पायरीवरून दिसायचा. आता हीच नजर निसर्गाकडे वळवायची. संकल्प : रोज नऊ ते अकरा निरीक्षण. सहा महिन्यांत एखादा शोध. घाई नाही.

हिनं विचारलं, कुठे ठेवणार? म्हटलं, जेवणाच्या टेबलावर. मग आम्ही कुठे जेवायचं, म्हणाली. घरातून विरोध होणार हे धरूनच चाललो होतो.

सूनबाई पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. म्हणाली, "बाबा, रविवारी मला सुट्टी आहे, तेव्हा नीट दाखवते. तोवर एका हातानं उचलू नका आणि काचा कापडानं पुसू नका." मुलगा तान्हा होता तेव्हा त्यालाही मी एका हातानं उचलायचो. तो व्यवस्थित वाढला.

३ फेब्रुवारी
आयपीसवर धूळ. म्हणजे वरची, डोळा लावायची नळी. उपसून काढली, आतून-बाहेरून फुंकर मारली. थोडी थुंकी उडाली असावी. बनियनच्या टोकानं पुसली. बनियन धुतलेलं होतं.

सर्वात आखूड लेन्सनं सुरुवात करा, असं पुस्तिकेत आहे. ते नवशिक्यांसाठी. मी थेट लांब लेन्स लावली. डोळा लावून मोठी चाकी खाली फिरवत गेलो. अंधार. आणखी फिरवली. कट्. स्लाइडचे दोन तुकडे. हल्ली काच फारच हलकी बनवतात.

५ फेब्रुवारी
सर्वात लांब लेन्सला तेल लावतात म्हणे. कोणतं, ते पान फाटलेलं. शिलाई मशीनचं घरात होतं. चारही लेन्सना लावलं, उगाच भेदभाव नको. सगळं धूसर. पुन्हा बनियन.

८ फेब्रुवारी, रविवार
आज सूनबाई शिकवणार होती. तिच्यासमोर शिकायला बसण्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. पण सासऱ्याच्या चुका काढताना तिलाच अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून तिच्या सोयीसाठी सकाळी साडेसातलाच फिरायला गेलो. दुपारी दीडपर्यंत फिरलो. पाय सुजले. कुटुंबासाठी माणसाला काय काय करावं लागतं.

११ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
शोध लागला!!
कुंडीखालच्या बशीतलं पाणी. त्यात एक जंतू. लांबट, एक टोक वळलेलं, मधे गाठ. अजिबात हलत नाही. स्वभावानं शांत असावा. चित्र काढलं. नावाचा विचार सुरू आहे. माझंच आडनाव द्यावं का? लोक आत्मप्रौढी म्हणतील. म्हणोत.

१२ फेब्रुवारी
जंतू दह्यात आहे. चहात आहे. माझ्या लाळेतही आहे. आणि विशेष : आखूड लेन्समधून जेवढा दिसतो, तेवढाच लांब लेन्समधूनही दिसतो. बाकी सगळं मोठं होतं, हा नाही. एवढी शिस्त मी माणसांतही पाहिलेली नाही.

११.१५ : आज स्लाइड ठेवायलाच विसरलो. तरी होता. याचा अर्थ एकच. तो हवेतही आहे.

१३ फेब्रुवारी
नळाचं पाणी तपासलं. आहे. आता गप्प बसणं गुन्हा ठरला असता. इमारतीच्या सेक्रेटरींना वर बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि दचकले. "हे आम्ही पितो?" म्हणाले. मी शांतपणे मान हलवली. अशा वेळी जाणकारानं कमी बोलावं.

सूनबाईला आधी दाखवू या, असं ही म्हणाली. सूनबाई ड्यूटीवर होती. साथ कुणासाठी थांबत नाही.

१४ फेब्रुवारी
जिन्यात नोटीस. 'पाण्यात जंतू आढळल्याने टाकी रिकामी करण्यात येत आहे.' माझा उल्लेख 'आपल्यातील एक अभ्यासू ज्येष्ठ' असा. नोटीस तीनदा वाचली. शुद्धलेखन बरं आहे.

१६ फेब्रुवारी
टाकी रिकामी होऊन दोन दिवस झाले. खाली टँकर उभा राहतो, लोक बादल्या घेऊन रांगेत. चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई ऐंशीच्या आहेत, त्यांना कोण पाणी देणार? संध्याकाळी बघतो तर सूनबाई. ड्यूटीवरून आली, पर्स दारात ठेवली, दोन बादल्या त्यांच्याकडे आणि चार आपल्याकडे. मी मदतीला उठलो. ही म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्ही पुष्कळ केलंत."
बसलो.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
सेक्रेटरींनी पाण्याचा नमुना लॅबमध्ये दिला होता. नेमका सूनबाईच्याच. रिपोर्ट : पाणी स्वच्छ. मी तिला समजावलं, की तुमच्या लॅबला अजून या जंतूची माहितीच नसेल.

तिनं पर्स ठेवली. हात धुतले, टेबलापाशी आली. "बाबा, डोळा लावा. जंतू दिसतोय?" दिसत होता. "आता बघत राहा." तिनं आयपीस हलकेच फिरवला. जंतू फिरला. तिनं उलटा फिरवला. जंतूही उलटा फिरला. मग तिनं नळी काढून दिव्याखाली धरली आणि चिमट्यानं आतल्या काचेवरून काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.
बनियनचा धागा होता. मधे गाठ.
ही आत गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

१८ फेब्रुवारी
आज इमारतीची मीटिंग. जायचं नाही ठरवलं होतं. अंगात कणकण. सूनबाई म्हणाली, मीही येते. गेलो.

सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत विचारलं, मग जंतूचं काय झालं? तेहतीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी उठलो, घसा खाकरला. तेवढ्यात सूनबाईच उभी राहिली. म्हणाली, "आमच्या यंत्राची काच खराब होती. मी वेळेवर बघायला हवी होती, राहून गेलं. तुम्हा सगळ्यांना त्रास झाला, माफ करा."
आमच्या, म्हणाली.
काच खराब होती हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे.
जिना चढताना तिला म्हणालो, तू कशाला माफी मागितलीस? म्हणाली, "तुम्ही मागितली असती का?" मी मागणारच होतो. अगदी तोंडाशी आलं होतं.
नव्हतं आलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
फिरायला गेलो नाही.

सूनबाईनं लेन्स पुसायचा खास कागद आणला. तेल काढायला तिला पाऊण तास लागला. एक लेन्स कायमची गेली. मग मला खुर्चीत बसवलं. दोन हातांनी उचलायला लावलं, एक हात मानेला, एक तळाखाली. आधी आखूड लेन्स. चाकी खाली नेताना डोळा लावायचा नाही, बाजूनं बघायचं. मग डोळा लावून चाकी वर, सावकाश. मी जोरात फिरवली की ती "हळू, बाबा" म्हणायची. अकरा वेळा म्हणाली.

हिच्याकडून तिनं कांद्याचा पातळ पापुद्रा घेतला, स्लाइडवर पसरला, वरून काच ठेवली.

छोटी चाकी थोडी फिरवली आणि एकदम स्पष्ट झालं. एकाला एक लागून खोल्याच खोल्या. प्रत्येकीत एक बारीक ठिपका. हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

"काय दिसतंय?" सूनबाईनं विचारलं.

"कांदा," म्हणालो.

"बरोबर," म्हणाली.