नदीत उतरायचे बूट

२ मार्च

मी पिळलेली चादर दोरीवर टाकत होते. दूध उतू जाईल म्हणून एक कान आत. हे दारात बसून बूट चढवत होते. "येतो," म्हणाले. मी वळूनही पाहिलं नाही — चादर जड होती! त्याच सकाळी नदीच्या वाकावर, शेवाळलेल्या दगडावरून ह्यांचा पाय सरकला, ते परत आलेच नाहीत. वर्ष झालं.

आज परवाना कचेरीचं पत्र आलं. मासेमारीसाठी वाक आता माझ्या नावावर. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी, पंधरा तारखेला, मी स्वतः पाण्यात उतरून जाळं लावलं नाही, तर जागा दिराला. दीर लगेच हजर. "वहिनी, छातीभर पाणी आहे. हसं होईल."

होऊ दे.

४ मार्च

दिराने त्याचा जुना वेडर आणून दिला — छातीपर्यंतची रबरी विजार, खाली बूट जोडलेले. बूट नऊ नंबरचे, माझा पाय पाचचा. "दोन-दोन मोजे घाला." तळ खाचांचा, रबरी. वाचनालयातल्या पुस्तकात साफ लिहिलंय: खाचा चिखलासाठी. शेवाळावर त्या साबणासारख्या.

ह्यांचेही तसलेच होते. पुस्तक तेव्हाच आणायला हवं होतं.

५ मार्च

खिडक्या लावून वेडरमध्ये टॉर्च सोडला. दोन्ही गुडघ्यांवर उजेडाचे तीन-तीन ठिपके, एका रांगेत. काटे असे रांगेत टोचत नाहीत. हे सुईचं काम. मेल्या, वहिनीला भोकं पाडून देतोस?

७ मार्च

दुकानदार म्हणाला, "ताई, साहेबांचं माप काय?"

"साहेब मीच."

त्यानेही बूट जोडलेलाच वेडर पुढे केला. म्हटलं, खाली रबरी मोजा जोडलेला काढा, बूट वेगळे घेईन, माझ्या मापाचे. "कोणी शिकवलं हे?" दात काढत होता. शेवटी शाळकरी पोरांच्या फळीवर माझे बूट सापडले. आत जाड मोजे घालून, पायऱ्यांवर पाच वेळा चढ-उतार करूनच घेतले. त्याचे दात मिटले.

९ मार्च

चांभाराला म्हटलं, तळाला नमदा चिकटव, दाबलेल्या लोकरीचा जाड थर; पुस्तक म्हणतं, शेवाळावर तोच धरतो. "ताई, नमदा खोगिराखाली असतो!"

"मग मला घोडी समज आणि चिकटव."

१२ मार्च

दीर पुन्हा. "झाला का हट्ट पुरा?" दार लावलं. तोंडावर.

१५ मार्च

कचेरीचा निरीक्षक वही घेऊन काठावर. दीर स्वतःचा नवा वेडर चढवून तयार. "वहिनी बाहेर पळाल्या की मी आहेच, साहेब!" आणि ऐटीत पुढे शिरला. लगेच किंचाळला! पाणी आत. धडपडत बाहेर आला, वेडर उतरवून उलटा करतो तर गुडघ्यांवर तीन-तीन भोकं, रांगेत. त्याचं तोंड पाहिलं. खरंच गोंधळला होता.

मी उतरले. नमद्याने दगड धरला. जाळं लावलं. निरीक्षकाने सही केली.

तशीच ओल्या बुटांनी दिराच्या घरी गेले. सासूबाई तिथेच राहतात. खिडकीशी बसून बटण लावत होत्या.

"आई, भोकं तुम्ही पाडलीत?"

"हो. दोघांच्याही." मान वर नाही. "एक गेला. तुम्ही दोघं गारठून बाहेर तरी याल."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"पुन्हा पाडीन," म्हणाल्या.

दहा दिवस या वहीत दिराला शिव्या दिल्या. खोडणार नाही — भोकं सोडली तर बाकीचं त्याला लागूच आहे!

१७ मार्च

आज सकाळी सासूबाईंना हाताला धरून वाकावर नेलं. वेडरच्या कमरेचा पट्टा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हा घट्ट असला की पडलं तरी पाणी आत भरत नाही, तुम्हीच आवळा. त्यांनी इतका आवळला की श्वास घेता येईना. तसाच ठेवला आणि पाण्यात उतरले.