मथुराच्या पलंगाचा चवथा पाय

कॅम्प-१, भिलाई
होळी होऊन आठवा दिवस, सन १९६०

पुंडलिका, पलंगाले चार पाय असतात आणि चारही एकाच वेळी भुईले टेकतात, एवढं तं आपल्या गोठ्यातल्या म्हशीलेही समजते. तू पाठवलेल्या लाकडाचा पलंग मात्र आज कोणता पाय वर धरायचा हे रोज सकाळी नव्यानं ठरवते. काल डोक्याकडचा उजवा होता, आज पायथ्याकडचा डावा. मी त्याच्याखाली विटेचा तुकडा सरकवते, तं दुपारी ऊन तापलं की तो विटेवरूनही उठते. मी हात टेकले बाप्पा. (रीत म्हणून लिहिते: चिरंजीव पुंडलिकले मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. भावजय पंचफुलेच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. बैल बरे असतील. आम्ही इथं बरे नाई.)

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राहिली. मथुराले सांगतलं होतं, पण ते पोरगी माझ्या शिव्या गाळून 'मामाजींच्या चरणी' असं काहीतरी लिहिते. माझी शाळा चवथीतच सुटली, अक्षर वाकडं हाय, पण तुह्या फळ्यांपेक्षा सरळ हाय.

तुले सगळं माहीत असूनही पुन्हा सांगते, कारण मनातल्या मनात बोलून माझं डोकं दुखून राहिलं. मथुराचं लग्न अखाजीले, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर. सोयरे दुर्गचे, रेल्वेतले. विहीण तुळसाबाई पहिल्याच बैठकीत म्हणे की आमच्या क्वार्टरात लोखंडी खाटा तीन पडल्या हायेत, चवथी नको. तवा मीच तोंड वर करून सांगतलं की माझा भाऊ सागवान पाठवन, बाबांच्या हातचं झाड हाय. (इथं सारे लोक परगावचे. कोणाचं घर मद्रासकडे, कोणाचं पंजाबात. आपलं माहेर असं हाय हे दाखवायले माझ्यापाशी दुसरं काय होतं, सांग.) मथुराचे बाबू, तुहे भाऊजी, तेव्हाच म्हणाले होते की कारखान्यात पट्टी-पाइप पायजे तेवढा पडला हाय, पलंग वेल्डिंग करून देतो, हत्ती झोपला तरी वाकणार नाई. मी त्यांले गप्प बसवलं. आता पलंग वाजला की ते नुसते माझ्याकडे पाहतात. बोलले असते तं बरं होतं.

दिवाळीत लाकूड दुर्ग टेसनावर उतरलं. चंपत मिस्त्रीले बोलावलं. (हा आमच्याच लाइनीत राहते, कारखान्याच्या कामात काँक्रीटचे साचे ठोकते, पण मूळचा चांगला सुतार.) त्यानं फळीवर तळहात ठेवला, वास घेतला, आणि मले विचारलं की बाई, हे झाड मेलं हाय हे त्याले कोणी सांगतलं काय. इतकं ओलं. मग एकएक दाखवत गेला आणि मी ऐकत गेली. कडेची फळी अर्धी पांढरी, म्हणजे सालीजवळचं कच्चं लाकूड, त्याले घुणाची कीड लागणारच. मधल्या फळीत गाभ्यापासून फुटलेली चीर, चांदणीसारखी. आणि एक गाठ मेलेली. मेलेली म्हणजे काय, तं त्यानं अंगठ्यानं दाबली आणि ती पलीकडे पडली. त्या भोकातून मले मथुरा चूल फुंकताना दिसली.

चंपत म्हणे सावलीत थप्पी लावा, फळी-फळीमधी पट्ट्या ठेवा, वारा खेळू द्या, एक उन्हाळा जाऊ द्या. मी म्हटलं, लग्न उन्हाळ्यातच हाय, तं उन्हाळा कुठून जाऊ देऊ. तिथं मथुराच्या बाबूंले तोंड फुटलं. हे भट्टीवर खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार. दगडातून लोखंडाचं पाणी होताना रोज पाहतात, तं त्यांच्या डोक्यात असं बसलं हाय की दुनियेतली कोणतीही वस्तू तापवली की सुधारते. सायकलीले बांधून दोन-दोन फळ्या घेऊन गेले. (गेटातून कशा नेल्या ते मी लिहीत नाई, हे पत्र पोस्टातही वाचतात.) कुठल्याशा गरम भिंतीले टेकवून ठेवल्या आणि पाचव्या दिवशी हसत आणल्या. वरून पापडासारख्या कडक. चंपतनं रंधा मारला तं आतून ओल्या. दोन्ही टोकं उकललेली, आणि एक फळी अशी वळली की तिच्यात दाळ वाढता आली असती. चंपत रंधा ठेवून खाली बसला. एवढ्या शिकल्या-सवरल्या रशियन साहेबांच्या हाताखाली काम करणारा माझा माणूस, पण लाकडाचं लोखंड करायले गेला.

तरी चंपतनं पलंग उभा केला. माघात चांगला दिसत होता. फागुनात हवा कोरडी झाली आणि पलंग आळोखेपिळोखे देऊन राहिला. दुपारी कडकन वाजते, की शेजारीण धावत येते, काय फुटलं म्हणून. खाली रोज सकाळी पिठासारखा भुसा पडते. मी झाडते, तो पुन्हा पाडते.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तुळसाबाई आली, न सांगता. मी तिले स्टुलावर बसवलं, तं ती उठून पलंगावर बसली. तिकडची बाजू खाली, इकडची वर. मथुराचे बाबू दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन बसले, म्हणजे तोल राहीन. असे दोघं व्याही-विहीण तराजूसारखे बसले, आणि मी चहा करून राहिली. तेवढ्यात हे पान आणायले उठले. (लग्नाले वीस वर्षं झाली, ह्या माणसाले पान कधी आठवावं हे समजलं नाई.) तुळसाबाई घसरत कोपऱ्यात गेली. पडली नाई, देवाची कृपा. उठली, पदर सारखा केला, गाठीच्या भोकात बोट घालून पाहिलं, आणि शांतपणे म्हणे,

"पलंग पाहिला विहीणबाई. आता मामा दाखवा."

पुंडलिका, मले भुईनं पोटात घ्यावं असं झालं. पाच वर्षं झाली आम्ही शेत सोडून इथं आलो त्याले. तू तवा म्हणाला होतास की शेत सोडून दुसऱ्याच्या हजेरीवर राबणाऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाई, आणि नाईच प्यायलास. लाकूड पाठवलंस ते मालगाडीनं. संगं माणूस नाई, चिठ्ठी नाई. मी तिले काय दाखवू? मालगाडीची पावती?

आणखी एक. उशाकडची फळी कापताना चंपतच्या आरीचे चार दात गेले, आतून खिळा निघाला. मोठा, चौकोनी डोक्याचा, लोहारानं घडवलेला. मी तो हातात घेतल्याबरोबर ओळखला. गोठ्याशी बाबा त्याच्यावर कंदील टांगत. तू आधीच्या कार्डात मले बांधावरचं झाड सांगून गोठ्यापासचं कापलंस. ज्याची फांदी तू कोणाले तोडू देत नव्हतास, ते. चंपतले म्हटलं, भावानं फसवलं. तो म्हणे, बाई, झाड अव्वल होतं. झाड नाई चुकलं, घाई चुकली.

तुझी, रागावलेली,
गयाबाई

ता.क. मथुरा माझ्या खांद्यावरून वाचून राहिली. म्हणते, आई, दसऱ्याच्या आधी मामाले तीन पत्रं कोणी धाडली, आणि तिसऱ्यात 'ओलं असो का वाळलं, आठ दिवसात लाकूड टेसनावर टाक, नाईतर माझा भाऊ मेला असं समजीन' हे कोणी सांगतलं, मीच तं लिहिलं होतं. तिले पाणी आणायले पाठवलं हाय.

ता.क. दुसरी. मथुराचे बाबू पलंगाच्या चारही पायांले लोखंडाचे बूट करून आणणार हायेत, लाकडाचं काही पाठवू नकोस. पण अखाजीले मांडवात पोरीले उचलून आणायले मामा लागते, ते वेल्डिंगनं होत नाई. शेजारचा सरदार क्रेन चालवते. तो म्हणे, बहनजी, फिकर मत करो, मैं उठा लूँगा, रोज दस टन उठाता हूँ. माणूस भला हाय, पण मथुरा रडली. तू जसा हायेस तसा ये. तुले वर्षभर सावलीत ठेवायले माझ्यापाशी येळ नाई. पाणी प्यायचं नसन तं गावाहून घागर भरून आण, मी काही बोलणार नाई. फक्त येतो का नाई ते एका ओळीत लिही. रामनवमीच्या आत पत्र माझ्या हातात पडलं पायजे.