थांबलेल्या गाडीचा वेळ

८ एप्रिल
ऑफिसात फजिती. आमचं ट्रकवाल्यांचं अॅप गाडी पोचायला किती वेळ लागेल ते सांगतं. उरलेलं अंतर भागिले वेग. गाडी थांबली की वेग शून्य, शून्यानं भागाकार, आणि स्क्रीनवर Infinity, म्हणजे अनंत. ट्रकमालकांचे फोनवर फोन. टीम लीड इम्रानभाई म्हणाले, "मॅडम, ये इन्फिनिटी हटाव. सेठ पूछ रा, गाडी कौनसे मुलुख को गयी?"
कोडात isInfinite ही तपासणी लावली. उत्तर Infinity आलं तर शून्य दाखवायचं. झालं.
सु. ट्रक घेऊन पार दक्षिणेत, होसूरला. माल उतरला की भीमजयंतीला घरी, म्हणालाय. परतीचा माल दुसरीकडचा मिळाला तर नाही. लग्नानंतरची पहिली जयंती. नवरा नसेल तर नवी निळी साडी कुणासाठी नेसायची?

१० एप्रिल
शून्य महागात पडलं. सासूबाईंच्या मोबाइलवर सु.ची गाडी मीच जोडून दिलेली. संध्याकाळी घरी आले तर दारात रांगोळी, परातीत पीठ मळलेलं, आणि त्या फाटकाशी उभ्या.
"शून्य मिनिटं दाखवतंय गं. आलाच व्हय!"
गाडी होसूरच्या गोदामात उभी. थांबलेली आणि पोचलेली, दोन्ही मी एकच करून ठेवलेल्या. सांगितलं तसं म्हणाल्या, "लई शिकलेली सून. घरबसल्या पोचवलं माझ्या लेकराला."
खरं म्हणजे, ठाऊक असूनही मी गल्लीच्या तोंडाकडं एकदा बघून घेतलं.

११ एप्रिल
दुरुस्ती केली. Infinity आलं तर आता आकडाच नाही, नुसतं 'गाडी थांबलेली आहे'. इम्रानभाई खूश. मी नाही. काल निदान खोटं शून्य तरी होतं.
सु.चा फोन बंद. फार आठवण येते. त्याचं ते आंघोळ करताना बेसूर गाणंसुद्धा...

१२ एप्रिल
रविवार. परवा जयंती. क्रांती चौकात मंडप उभे राहतायत. सकाळपासून मोबाइलवर तेच वाक्य, आणि सासूबाईंचा तोच प्रश्न.
"हलली का गं?"
"नाय, आत्या."
दुपारी एकदम आकडा. दोनशे तीस तास! सासूबाईंचा चेहरा पडला, मी मात्र हसत सुटले. "आत्या, चाक फिरलं! आत्ता गेटातून निघतीय, वेग वाढला की तास उतरतील." इतक्या वाईट आकड्यानं इतका आनंद कधी झाला नव्हता.
पण गेटाबाहेर कुठल्या बाजूला वळली ते कळत नाही. अंतर कमी झालं तर घरी. वाढलं तर दुसरा माल.
पुढचं अंतर आता येईलच. मोबाइल सासूबाईंच्या मांडीवर. मला बघवत नाही, म्हणून लिहीत बसलेय.
"ठेव ते लिहिणं. इकडं ये, बघ."