पाचातले चार

७ जानेवारी
अख्खी टीम मठ्ठ निघाली! हंगामाआधी प्रत्येकीची डोक्याची चाचणी घेतली. पाच शब्द सांगायचे — चमचा, गादी, लिंबू, शिट्टी, बादली. दहा मिनिटांनी परत विचारायचे. जितके आठवले तितके वहीत. पुढे मैदानात डोकं आपटलं की पुन्हा विचारायचे; आकडा खाली गेला की पोरगी बाहेर. शाळेची ट्रेनर म्हणून माझा एवढा एकच अधिकार. बाकी घोटे बांधा, बर्फ लावा, बाटल्या भरा!

दोनच्या वर एकीलाही जाता आलं नाही. आमची गोलकीपर, तिला सगळे ‘भिंत’ म्हणतात, ती तर एकावरच अडली. “लिंबू... आणि बाई, पुढे अंधार.”

ह्यांना सांगितलं. हे म्हणजे शाळेत टीमचे कोच, घरी माझा नवरा. “फुटबॉलला डोकं कशाला लागतं?” म्हणाले आणि कधी नव्हे ते भांडी घासायला उठले. आज सूर्य कुठून उगवला कोण जाणे!

९ जानेवारी
बर्फाची पेटी गळते. शाळेतल्या माझ्या खोलीत कायम तळं. नव्या पेटीसाठी हेडबाईंकडे तिसरा अर्ज दिला. उत्तर — “फडकं आहे ना?”

१८ जानेवारी
सेमीफायनल जिंकलो! शेवटच्या मिनिटाला भिंतीने झेप घेऊन बॉल अडवला आणि खांबावर धाडकन डोकं आपटलं. “बाई, मी ठणठणीत!” म्हणे. मी पाच शब्द सांगितले, दहा मिनिटं थांबले. चमचा, लिंबू, शिट्टी, बादली. पाचातले चार! आधी एक, आता चार. खांबाने पोर हुशार केली म्हणायची!

हे माझी वही नाचवत आले. “तुझंच अक्षर आहे. आकडा वर गेलाय. शनिवारी फायनलला ती खेळणार.” अकरा वर्षं ह्यांनी कप पाहिलाय तो दुसऱ्यांच्या हातात. वहीत होतं ते होतं. पण पोरीची नजर मला काही बरी वाटली नाही.

२० जानेवारी
मी गाढव आहे. शिक्कामोर्तब!

मधल्या सुट्टीत पहिलीतल्या चिमुरड्या लपाछपीसाठी गोल करून उभ्या. एक जण बोट फिरवत म्हणतेय — “चमचा, गादी, लिंबू, शिट्टी, बादली!” बादली आली तिच्यावर राज्य. मी तिला थांबवलं. “हे कुणी शिकवलं गं?” “सगळ्यांनाच येतं, बाई. माझ्या ताईलापण!”

दहा वर्षं तेच पाच शब्द विचारतेय मी. शाळेच्या शिपायालासुद्धा पाठ असतील! म्हणजे पोरी मुद्दाम मठ्ठ झाल्या होत्या — आधी कमी सांगायचे, म्हणजे आपटल्यावरही पास. आणि लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या पाचांतली गादी भिंतीला आठवली नाही!

तडक डॉक्टरांकडे नेलं. मेंदूला मार. दोन आठवडे खेळ बंद. बिचारी ढसाढसा रडली. “बाई, कमी सांगायला सरांनीच शिकवलं होतं.”

घरी वही ह्यांच्यापुढे आपटली. “अहो, लाज नाही वाटली?” ह्यांनी वही मिटली. “अकरा वर्षं गं...” म्हणाले. “कप दरवर्षी येतो, तिला डोकं एकच आहे!” मी एवढी ओरडले की शेजारीणबाई डोकावून गेल्या.

२४ जानेवारी
अबोला. चौथा दिवस. मीठ कुठे आहे तेही चिठ्ठी लिहून विचारतात! उद्या फायनल. गोलात राखीव पोरगी. बॉल आला की ती डोळे मिटते. आणि नियम असा, की ट्रेनर बाकावर नसेल तर टीमला मैदानात उतरताच येत नाही. बसा रुसून! माझ्याशिवाय पान हलणार नाही.

२८ जानेवारी
डॉक्टरांनी तीन दिवस लिहायला बंदी केली होती, म्हणून आज.

शनिवारी सकाळी बर्फ भरायला गेले आणि माझ्याच तळ्यात घसरले. डोकं कपाटावर. आवाज ऐकून हे धावत आले. अबोला मोडून पहिलं वाक्य — “पाच शब्द सांग.” माझेच शब्द! धडाधड म्हटले. चमचा, लिंबू, शिट्टी, बादली. “पाचवा?” मी खोकले. पाणी मागितलं. समोर टांगलेल्या, पाच शब्दांच्या तक्त्याकडे हळूच पाहिलं, तर हे मध्ये येऊन उभे राहिले. बाहेर बस सुरू होती, पोरी आत बसून गाणी म्हणत होत्या. “अहो, मी ठणठणीत आहे,” म्हटलं. “चला, उशीर होतोय.”

ह्यांनी फोन काढला. “आमची टीम येत नाही. ट्रेनर बाहेर आहे.” तिकडून कुणीतरी बरंच काही बोललं.

“अहो, कपाचं काय घेऊन बसलात!” हे ओरडले. रडत होते. “तिला गादी आठवत नाहीये!”