लाल ठिपक्याखालचा बोल्ट

मी, देल्मो रावाइओली, वय वर्षे शहात्तर, धंदा मोटरसायकल दुरुस्ती, राहणार दोवादोला, गॅरेजच्या वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढं शाबूत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. अशा कागदावर 'स्वखुशीने' असा शब्द घालायची रीत आहे, तो मी घालणार नाही. खुशी कसली डोंबलाची! तेहेतीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही, ते आता हातातून काढतोय, इतकंच.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फार चांगला माणूस दिसत होतो.

कलम १. घर. वरचा मजला, भांडीकुंडी आणि फर्निचर गावच्या रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकांना द्यावं. का, ते कलम ४ मध्ये कळेल. खिडकीतली तुळस मात्र शेजारणीने न्यावी. माझ्या हाताखाली ती दोनदा मेली आहे.

कलम २. एदो मांबेल्ली आणि अडतीसचा पाना. समोरच्या बारचा मालक एदो याने अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडून अडतीस नंबरचा पाना 'पाच मिनिटांसाठी' नेला. तो पाना त्याला देऊन टाकावा, असं मी आधी लिहिलं होतं. पण फोर्लीच्या नोटरीबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, रावाइओली. खिळासुद्धा नाही. एक तर साक्षीदार, नाहीतर वारस." एदो साक्षीदार आहे. तेव्हा एदो, पाना परत कर.

कलम ३. गुझ्झी. माझी एकाहत्तर सालची लाल चासीची गुझ्झी मोटरसायकल माझा मेहुणा नेरिओ सामोरी याला मिळावी. तिला माझ्या पायाची सवय आहे, पण ती शहाणी आहे, जुळवून घेईल. उभी असताना मूठ पिळली की ती उजवीकडे अंग टाकते. तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही. थंडीत पाच मिनिटं नुसती चालू ठेवावी आणि तेवढा वेळ तिच्याशी बोलावं. व्हॉल्व्ह इंजिन गार असतानाच जुळवावेत. नेरिओला हे सगळं माझ्याहून चांगलं कळतं. तरी लिहितोय, कारण पुढचं कलम लिहायचं टाळतोय.

कलम ४. गॅरेज, सर्व हत्यारं, आणि एक बोल्ट. हे सगळं वरील नेरिओ सामोरी याला. ही भेट नाही. कुणी हिला देल्मोची भलाई म्हणू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या गॅरेजचा एक नियम होता, आणि तो मीच घातला होता. बोल्ट टॉर्कच्या, म्हणजे जोर मोजणाऱ्या, पान्याने 'टक्' वाजेपर्यंत आवळायचा, आणि मग त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. अर्धा बोल्टवर, अर्धा शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तर ठिपका तुटतो आणि लगेच दिसतं. नेलपॉलिश माझ्या बायकोची, इल्वाची. ती कुरकुरायची, "नखं माझी पांढरी आणि तुझे बोल्ट नटवलेले!" साऱ्या खोऱ्यात माहीत होतं की देल्मोचा ठिपका दिसला म्हणजे गाडी डोळे झाकून न्यावी. मी हे मिरवायचो.

मे १९८६ मधला रविवार. नेरिओची मोटरसायकल, मोरिनी साडेतीनशे, माझ्याकडे होती, पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायला. नेरिओ इल्वाचा धाकटा भाऊ, तेव्हा एकोणतीस वर्षांचा, फोर्लीच्या बसवर ड्रायव्हर. पॅड धरणारा ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. वरचा मी आवळला, टक्. खालचा हाताने फिरवून ठेवला होता. तेवढ्यात वरच्या खिडकीतून इल्वा ओरडली, "देल्मो, टाकतेय रे!"

आमच्याकडे 'टाकतेय' याचा अर्थ एकच. पाणी उकळतंय आणि तालिआतेल्ले, म्हणजे शेवयांसारख्या रुंद पट्ट्या, पातेल्यात पडतायत. हाताने लाटलेल्या, म्हणजे तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत जो टेबलावर नाही त्याने जेवूच नये, असं इल्वाच्या आईपासूनचं शास्त्र. बाटली उघडी होती, पॉलिश वाळत होतं. मी दोन्ही बोल्टांवर ठिपके देऊन टाकले. म्हटलं, खालचा जेवून आल्यावर आवळू. आधी ठिपका आणि मग पाना, असं आयुष्यात एकदाच केलं.

नेरिओ त्या दिवशी नीवेसच्या, त्याच्या होणाऱ्या बायकोच्या घरी जेवला होता. दोनच्या सुमारास तो खाली गॅरेजात आला. ठिपके बघितले, खुंटीवरची किल्ली घेतली. मी शिकवलं होतं तसंच वागला तो.

आता पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मोरिनी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. घास तोंडात होता. मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा. इल्वा म्हणाली, "बस की, अजून वाढतेय." आणि मी बसलो. मनात म्हणालो, एकच बोल्ट आहे, कोपऱ्यावर जाऊन येईल परत. विसरलो असतो तर चूक म्हणता आली असती. मी विसरलो नव्हतो. मी जेवलो.

तो कोपऱ्यापर्यंत नाही, मुराग्लिओनेच्या घाटात गेला. बोल्ट सुटला, कॅलिपर फिरून आऱ्यांत अडकला आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. रुग्णवाहिकेच्या पोरांनी त्याला दरीच्या कठड्यापासून उचललं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

विम्याचा तपासनीस आला. वरचा बोल्ट घट्ट, ठिपका अखंड. तो म्हणाला, "मेकॅनिकचं काम चोख आहे. खालचा बोल्ट धडकेत तुटला असणार. पोरगा वेगात होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पण तपासनीस यायच्या आदल्या दिवशी मी घाट चढून गेलो होतो. खालचा बोल्ट मला अपघाताच्या वळणाच्या चारशे मीटर अलीकडे सापडला होता. आटे शाबूत, कुठे तुटलेला नाही, डोक्यावर अर्धा लाल ठिपका. धडकेच्या आधीच तो गळून पडला होता, हे लहान मुलालाही कळलं असतं. मी तो खिशात घातला. आता तो कॉफीच्या निळ्या डब्यात आहे, गॅरेजच्या मधल्या फळीवर, वॉशरच्या मागे.

नेरिओची बसवरची नोकरी गेली. नीवेस म्हणाली, "ज्याला स्वतःचा जीव स्वस्त, त्याच्याशी मी संसार करू?" आणि ती राव्हेन्नाला निघून गेली. बारमध्ये त्याला 'उडता नेरिओ' म्हणू लागले. पहिल्यांदा एदो म्हणाला, मी हसलो. नेरिओ स्वतःसुद्धा तेच मानून बसला. एकदा कार्ब्युरेटर धुता धुता म्हणाला, "दाजी, मला तो वेग आठवतच नाही हो. पण असणार. तुमच्या ठिपक्यात खोट निघायची नाही."

त्याला मी गॅरेजात बसून करायचं काम दिलं, तर गाव म्हणालं, बघा, देल्मो देवमाणूस. इल्वा चार वर्षांपूर्वी गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "माझ्या भावाला तू सांभाळलंस." मी 'हो' म्हणालो. माझ्या मेल्या जिभेला काहीच झालं नाही.

नेरिओ, तू कधीच वेगात नव्हतास. मला लाज वाटते. माफी मागायचीसुद्धा लाज वाटते.

त्याने गॅरेज आणि गुझ्झी नाकारली, तर तेही रुग्णवाहिकेच्या मंडळींना जावं.

कलम ५. माझ्या दफनानंतरच्या रविवारी कलम ४ एदोच्या बारमध्ये मोठ्याने वाचावं. एक नक्कल राव्हेन्नाला नीवेसकडे पाठवावी.

कलम ६. इल्वाच्या शिळेवर माझ्यासाठी जागा सोडलेली आहे. तिथे माझं नाव कोरण्याआधी नेरिओला विचारावं. तो नाही म्हणाला तर दगड तसाच राहू द्यावा.

पुरवणी. काल हा कागद एदोला वाचायला दिला. सही न करता त्याने चष्मा काढला. म्हणाला, "मेल्यावर सांगणार होय रे? मग त्याने भांडायचं कुणाशी, तुझ्या थडग्याशी? आणि मी त्याला जे नाव ठेवलं, ते मी कुठे फेडू?" दुसरी सही पाद्रीबाबांची घेणार होतो. ती जागा मोकळी ठेवली आहे. आज सकाळी अकरा वाजता कागद खाली नेला, नेरिओच्या समोर ठेवला आणि वर येऊन बसलो. आता दीड वाजलाय. पाना पडल्याचासुद्धा आवाज नाही.

स्थळ दोवादोला, दिनांक १७ सप्टेंबर २०१९.

देल्मो रावाइओली

साक्षीदार पहिला: एदो मांबेल्ली, बारचालक. पाना परत केला आहे.

साक्षीदार दुसरा: नेरिओ सामोरी, मेकॅनिक. वरचं सगळं दोनदा वाचलं. लिहिणारा शुद्धीवर आहे, एवढीच साक्ष देतो. माफ केलेलं नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही हे वाचलं, म्हणूनच सही करतोय. तुमचं गॅरेज मला नको. कलम ५ मात्र दफनापर्यंत थांबणार नाही. येत्या रविवारी बाराला, बार भरलेला असताना, दाजी, तुम्ही स्वतः वाचायचं, उभं राहून. मी समोर बसणार आहे.