झऱ्यापर्यंत गेलेली हद्द

पांतन जेरिक,
१२ नोव्हेंबर

चि. सल्बियास,

अ. आ. हे पत्र मेदानच्या गाडीवाल्याबरोबर धाडतो. फोनला मी हल्ली हात लावत नाही. का, ते वाचून हस, पण नवऱ्याला सांगू नकोस.

आपली कॉफी जाते तिथल्या लोकांनी नवा नियम काढलाय. जंगल तोडून लावलेली कॉफी त्यांना नको. बरोबरच आहे. पण तोडलं नाही हे दाखवायला ज्याने त्याने फोन घेऊन आपल्या बागेच्या हद्दीवरून फेरी मारायची; नकाशा फोन काढतो. सोसायटीत कामाला असलेली यूस्निदार तीन गावांना एकटी. तिने उसना फोन माझ्या हाती दिला आणि अवान, म्हणजे आजोबा, सरळ चाला, कुठे वळू नका, असं तीनदा बजावलं.

चाललो. पण बागेला फेरी मारायची आणि झऱ्याला सलाम करायचा नाही? लावणीला कॉफीचं मातीशी लग्न लावतो तेव्हा पाणीच साक्षीला असतं ना! झरा वर रानात. गेलो, तोंड धुतलं, आलो. वाटेत अमान दारुसने त्याच्या बागेतल्या झोपडीतून हाक मारली; गेलो. न थांबतो तर वर्षभर तोंड फिरवून बसला असता. फोन खिशात चालूच.

आता नकाशात माझी बाग लाल होऊन रानात घुसली आहे आणि शेजारी दारुसची अर्धी बाग मी गिळली आहे. कुऱ्हाड फक्त सरपणाला उचलणारा मी, लाल रंगाचा जंगलतोड्या! गावाचा माल एकत्र जातो, म्हणून एक्केचाळीस घरांची पोती गोदामात अडकली. जहाज तीस तारखेला. तिसरी शिकलेल्या माणसाने एवढं मोठं काम एकट्याने बिघडवलं, हेही थोडं नाही. काय करू, कळव.

तुझा घाबरट भाऊ,
अमान सेरुनी


मेदान,
१७ नोव्हेंबर

ती. अबांगदादाला सलाम व सा. न. वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, बंदरावरच्या गोदामात काम करणाऱ्यालाच यातलं कळतं. आधी हे ठसका लागेपर्यंत हसले. लहानपणी तुला मीठ आणायला पाठवलं की तू चार घरी जेवून मीठ विसरून यायचास, ते मीच त्यांना सांगितलं.

मग गंभीर झाले. म्हणाले, पुन्हा चालता येतं, पण नवी रेघ अधिकाऱ्याने जागेवर येऊन पाहिल्याशिवाय हिरवी होत नाही, आणि तो जानेवारीत येणार. तीस तारखेच्या आत एकच होऊ शकतं. तुझी बाग यादीतून काढायची. बाकीच्यांचा माल जाईल, तुझा नाही. छपराचे पत्रे याच मालावर घ्यायचे होते ना रे? ठरव तूच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सल्बिया


पांतन जेरिक,
४ डिसेंबर

चि. सल्बियास,

अ. आ. बाग यादीतून काढायला अंगठा दिला. त्याआधी दोन दिवस तापाचं सोंग घेऊन पडलो होतो, तुझ्यापासून काय लपवू? शेवटी दारुस आला. वाटलं, शिव्या देणार. तर म्हणाला, माझी अर्धी बाग घेतलीस ना, मग तिथलं गवत कोण तुझा बाप कापणार? दोघंही हसलो. मग लाज वाटून उठलो. नाव खरंच काढायचं का, हे फोनने दोनदा विचारलं. यूस्निदारला एकदाही विचारवलं नाही.

चाळीस घरांची पोती गेली. जहाज वेळेवर सुटलं म्हणे. छपराचं पुढच्या वर्षी बघू. तोवर घरात बादल्या आहेत.

माझा माल बाजारातल्या व्यापाऱ्याने पडेल भावात नेला. एक पोतं राखलं. तुला ठाऊक आहे, चांगली बी जहाजाची आणि फुटकी-काळी आपली. म्हटलं, या खेपेला चांगली पिऊन तरी बघू. सगळी आळी आली. दारुसने पहिला घोट घेतला आणि पेला हळूच पुढच्याकडे सरकवला. मग सगळेच छान, छान म्हणत साखर मागू लागले. मला विचारशील तर आंबट लागली, पण यजमानानेच कसं म्हणायचं?

सोबत एक पुडा पाठवतो. तुझ्या नवऱ्याला बंदरावर कोणी जाणकार भेटला तर पाजून बघायला सांग. चांगली असेल तर कळव. आम्हांला इथे कळायला मार्ग नाही.

आहे तो लोभ वाढता ठेव, हसणं जरा कमी कर.
अमान सेरुनी