फालेनाचा शेवटचा नग आणि आमच्या फिओरेंझाचं लग्न

सान व्हिताले, मोदेनाजवळ
शुक्रवार, कारखान्याची जेवणाची सुट्टी व्हायच्या आत

प्रिय नॉर्माताई,

धाकट्या भावाकडून दोन्ही गालांवर एकेक मुका (सर्दी अजून गेली नसेल तर लांबूनच). तुझे गुडघे कसे आहेत? प्रीमोभाऊजींचं घोरणं डॉक्टरांच्या कानावर घातलंस का, की तुझ्या लॉजमधल्या पाहुण्यांनी ती समुद्राची गाज आहे असंच समजत राहायचं? आम्ही इकडे मजेत. माझं पित्त सोडलं तर तक्रार नाही, आणि हे पत्र त्या पित्ताबद्दलच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "हो, हो" म्हणत मागे मोलकरणीवर ओरडत असतेस, आणि हा विषय अर्ध्या कानानं ऐकण्यातला नाही. तर ऐक : तुझ्या भाचीचं, माझ्या फिओरेंझाचं लग्न झालं. बस खाली. पाणी पी. तुला बोलावलं नाही म्हणून रुसू नकोस, मलाही बोलावलं नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगतो. राव्हाल्दींचा कारखाना तुला आठवतो तो पत्र्याची शेड होता तेव्हाचा. आता त्याच्या फाटकातून ज्या गाड्या निघतात त्यांचा आवाज ऐकून माझ्या फळीवरचे पेले नाचतात. माझा बार फाटकासमोर असल्यामुळे गाड्यांबद्दलचं माझं ज्ञान फुकटात वाढलेलं आहे. असल्या गाडीचं एक मॉडेल साधारण सात-आठ वर्षं चालतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. सुरुवातीला गिऱ्हाइकं रांगा लावतात. मग उत्साह ओसरला की नाक आणि दिवे बदलतात (आम्ही त्याला तोंड धुणं म्हणतो). मग छप्पर कापून उघडी गाडी काढतात. मग इंजिनात आणखी घोडे कोंबून मागे इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख बसवतात. शेवटी 'अखेरची आवृत्ती' अशी पितळी पट्टी ठोकतात आणि ती विकली गेली की नवीन मॉडेल. माणसाचंही असंच असतं म्हणा, फक्त आपल्याला पंख कोणी बसवत नाही.

तर फालेना नावाच्या गाडीला पाच वर्षं होत आली होती तेव्हा लेआर्कोनं फिओरेंझाला अंगठी घातली. लेआर्को घियारोनी म्हणजे तोच, उंच, लाजाळू, ज्याच्या खिशात नेहमी स्क्रू सापडतो. फालेनानंतर येणाऱ्या नव्या गाडीच्या चाचण्यांचं काम त्याच्याकडे. माझ्या काउंटरला टेकून म्हणाला, "काका, नवी गाडी बाहेर पडली की लग्न. तोवर मला एक रविवार मोकळा नाही." मी हिशेब केला. पाचवं वर्ष चालू, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा प्रश्न. मी त्याला मिठी मारली. (तेव्हा स्क्रू टोचला, तोच अपशकुन समजायला हवा होता.)

फालेनाच्या सातव्या वर्षी मी सूट शिवून घेतला. त्याच महिन्यात कळलं की नव्या गाडीचं इंजिन अजून तयार नाही, सबब फालेनाचं पुन्हा तोंड धुतलं जाणार. नववं वर्ष लागलं तेव्हा पक्की खबर आली म्हणून मी दोन पिंपं लांब्रुस्को वाइन भरून ठेवली, आणि फालेनाची उघडी गाडी निघाली. लांब्रुस्को ताजी प्यायची असते हे तुला मी काय सांगावं! पुढच्या ईस्टरला आम्ही ती व्हिनेगर म्हणून सॅलडवर घालत होतो. मग अखेरची आवृत्ती आली. ती जाहीर व्हायच्या आधीच कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांनी उचलली, म्हणून अखेरचीच आणखी एक काढली. चर्चच्या दारावर आणि नगरपालिकेच्या फळ्यावर नावं लागली की सहा महिन्यांत लग्न उरकावं लागतं. आमची नावं तीनदा लागली आणि तीनदा उतरली. चौथ्यांदा गेलो तेव्हा आपले पाद्री डॉन तार्चिझिओ म्हणाले, "ग्वाल्तिएरो, मी आता खिळा काढतच नाही." सूटमध्ये मात्र एव्हाना माझ्यासारखे तिघं मावले असते, इतका मी वाळलो होतो.

गंमत म्हणजे या सगळ्यात फिओरेंझा अगदी शांत. ती कारखान्याच्या विक्री विभागात आहे, गिऱ्हाइकांशी पाच भाषांत गोड बोलते. रविवारी लेआर्कोबरोबर चाचणीच्या गाडीत बसून डोंगरातल्या वळणांवर भटकून यायची, गाल लाल, केस विस्कटलेले, आणि हसत हसत टेबलं पुसायला लागायची. मी म्हणायचो, किती समजूतदार पोर माझी! मी गाढव, ताई.

गेल्या महिन्यात कारखान्याच्या अंगणात शेवटच्या फालेनाचा निरोप समारंभ झाला. तेरावं वर्ष! कॉफी माझी होती. म्हातारे मालक, कावालिएरे अदेल्मो, काठी टेकत उभे राहिले, गाडीच्या टपावरून हात फिरवला, डोळे पुसले, सगळ्यांनी डोळे पुसले, मीही पुसले (माझे आनंदाचे होते). आणि मग ते म्हणाले, "एक आनंदाची बातमी आहे. लोकाग्रहास्तव फालेनाची आणखी एक निरोपाची आवृत्ती…"

माझ्या हातातला ट्रे गेला. बावीस कप होते, पण ते असो. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "कावालिएरे, मारा की हो एकदाची हिला!"

"का म्हणून मारू? चांगली विकली जातेय!"

"तुमची गाडी विकली जातेय, माझी मुलगी घरात म्हातारी होतेय!"

म्हाताऱ्यानं भुवया चढवल्या. मग काठीनं फिओरेंझाकडे खूण करत म्हणाला, "मग तिलाच विचार ना! ही निरोपाची आवृत्ती तिनं सुचवली. त्याच्या आधीच्याही तिच्याच. उघडी गाडी तर माझ्या मनातसुद्धा नव्हती."

लेआर्कोनं हातातला कप हळूच खाली ठेवला आणि फाटकाबाहेर गेला. फिओरेंझा कानापर्यंत लाल. मला त्या पोराच्या पाठीकडे बघवेना, ताई. आठ वर्षं तो रविवार-रविवार त्या नव्या गाडीसाठी मरत होता, आणि ही समोरच्या खोलीत बसून जुनीला सलाईन लावत होती.

मी तिला बारच्या मागच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, "तुला तो नको असेल तर तसं सांग. मीच जाऊन अंगठी देऊन येतो."

"मला लेआर्को हवाय, बाबा," ती रडायला लागली. "देसोलिनाबाई नकोत."

देसोलिनाबाई म्हणजे त्याची आई. नवरा गेल्यापासून मुलगा हाच तिचा देव, आणि देवाच्या मोज्यांनाही ती इस्त्री करते. लग्नानंतर जोडप्यानं तिच्या वरच्या मजल्यावर राहायचं, जिना आतून, आणि रविवारचं जेवण तिच्या टेबलावर, हे तिनं साखरपुड्यालाच जाहीर केलं होतं. त्याच दिवशी फिओरेंझानं सारण भरून रश्श्यात सोडायचे तोर्तेल्लिनी वळायला घेतले तर बाई म्हणाली, "राहू दे गं, लांब बोटांना नाही जमत." "मला वाटलं, थोडे रविवार तरी आमचे राहू देत," पोरगी म्हणाली. "मग थोडे आणखी."

तुझी भावजय असती तर दोन शब्द बोलली असती. मी पोरीला नुसती कॉफी करून दिली. ती तोंड धुऊन गेली ती थेट लेआर्कोकडे, आणि त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. मी फक्त इतकं पाहिलं की गेल्या शनिवारी सकाळी तो, रूप कोणाला कळू नये म्हणून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली चाचणीची गाडी घेऊन आला आणि ती नेहमीसारखी शेजारी बसली. चाचणीला चाललो म्हणाले.

रविवारी सकाळी गिऱ्हाइकांनी माझ्यासमोर फोन धरला. गाड्यांच्या मासिकाचे फोटोवाले या नव्या गाडीसाठी महिनोन् महिने डोंगरातल्या झुडपांत दबा धरून बसलेले असतात. त्यांनी पाव्हुल्लो गावात, लग्नं लागतात त्या नगरपालिकेसमोर तिला गाठलं होतं, तेही नाकावरचं पट्ट्यांचं कापड वाऱ्यानं उडालेलं असताना. खाली मथळा : 'राव्हाल्दीच्या नव्या गाडीचं प्रथमदर्शन'. चाकांबद्दल दोन परिच्छेद, दिव्यांबद्दल एक. आणि काचेमागे, केसांत फुलं घातलेली, तोंडभर हसणारी माझी मुलगी. तिच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की आत दोन जणांना ऐसपैस बसता येतं असं दिसतं.

मी फोटो मोठा करून अंगठ्या पाहिल्या. मग वाइन काढली (या खेपेला ताजी) आणि बारमधल्या सगळ्यांना पाजली. वर जाऊन सूट घालून आरशासमोर थोडा वेळ उभाही राहिलो. ते कोणाला सांगू नकोस.

नव्या गाडीचं तोंड जगानं पाहिल्यावर जुनी कोण घेणार? निरोपाच्या आवृत्तीचं एकही गिऱ्हाईक उरलं नाही. कावालिएरे सोमवारी दुपारपर्यंत गरजत होते. मग नव्या गाडीसाठी इतके फोन आले की त्यांनी लेआर्कोला शिव्या आणि आठवडाभर रजा एकदमच दिली. फालेना आता खरोखर बंद. देसोलिनाबाईची व्यवस्था मी पाहतो असा शब्द मी दोघांना दिला आहे आणि तो पाळणार आहे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
ग्वाल्तिएरो

ता. क. : सोबत अक्रोडाची दारू पाठवतो आहे. अर्धी बाटली आहे, कारण पत्र लांबलं.

ता. क. दुसरा : जोडपं सध्या माझ्या खोलीत आहे आणि मी बिलियर्डच्या टेबलावर झोपतो. देसोलिनाबाई दिवसातून तीनदा रश्श्याचं पातेलं घेऊन येते आणि बारमध्ये मधोमध बसून रडते. गिऱ्हाइकं कॉफी उभ्यानं पिऊन पळतात. तुझ्याकडे हंगाम संपला की खोल्या रिकाम्याच असतात ना? डॉक्टर म्हणाले, तिला समुद्राची हवा मानवेल. (डॉक्टर माझं गिऱ्हाईक आहे.)

ता. क. तिसरा : ती उद्याच्या बसनं निघते आहे. नुसत्या हवेसाठी यायला तयार नव्हती, म्हणून तुझ्या हातचे तोर्तेल्लिनी रश्श्यात फुटतात आणि त्यापायी तुझे पाहुणे तुटले, असं मला नाइलाजानं सांगावं लागलं. ऐकल्या ऐकल्या रडायची थांबली. स्वतःचं लाटणं घेऊन येते आहे.